डिसेंबरची हवा, मे महिन्याचा जेट

टू-स्ट्रोक इंजिन जाम होतं ते उन्हातान्हात, असं बहुतेकांना वाटतं. मे महिन्यात डांबर मऊ झालेल्या रस्त्यावर डबलसीट दामटलेली गाडी मधेच बसली, तर दोष उन्हाला देणं सोपं असतं. हिशेब मांडला की मात्र धोक्याचा महिना वेगळाच निघतो. मे महिन्यात नेमका बेतून बसवलेला कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं पितळेचं बारीक भोक, डिसेंबरच्या सकाळी इंजिनाला उपाशी ठेवतो. आणि उपाशी टू-स्ट्रोक इंजिन कुरकुरत नाही. जाम होण्याच्या आधी काही वेळ ते नेहमीपेक्षा गोड पळतं. घात होतो तो तिथे.

देवणी हे गाव या हिशेबाला सोयीचं आहे. लातूर जिल्ह्याच्या पूर्व कडेचा हा तालुका. पलीकडे कर्नाटकातला बीदर जिल्हा. बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आणि समुद्रापासून इतक्या लांब की हवेला कुणी आवरणारं नाही. मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांपर्यंत चढतो, डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० अंशांच्या आसपास उतरतो. गावाचं नाव राज्याबाहेर पोचलं ते देवणी गोवंशामुळे. वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे अंगावरच्या रंगावरून त्याचे तीन प्रकार मानतात. त्या बैलाला ऋतू बदलला म्हणून कुणी पाना लावत नाही. यंत्राला लावावा लागतो.

कुठल्या यंत्राला? परदेशात या विषयावर लिहिणारे बहुधा चार चाकांच्या क्वाड गाडीबद्दल लिहितात. यामाहाची दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक 'बॅन्शी' वाळवंटातही पळवतात आणि बर्फातही, म्हणून तिच्या मालकांकडे तापमानाप्रमाणे कुठला जेट लावायचा याचा तक्ता असतो. आपल्याकडे क्वाड दिसते ती समुद्रकिनाऱ्यावर किंवा थंड हवेच्या ठिकाणी, तासाच्या भाड्याने. देवणीच्या बाजूला टू-स्ट्रोक म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती आरएक्स १००, राजदूत, चेतक, लुना. यातली आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ अशी जेमतेम अकरा वर्षं तयार झाली, तरी तिच्यासाठी आजही जुनी कागदपत्रं आणि नवे पैसे घेऊन फिरणारी तरुण पोरं आहेत. दुसरं टू-स्ट्रोक यंत्र कुणाच्या ध्यानात येत नाही, पण ते संख्येने कितीतरी जास्त आहे: पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप. त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी हवेचं वजन पाहू. देवणीच्या उंचीवर हवेचा दाब साधारण ९४३ मिलिबार धरला, तर मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी एक घनमीटर हवा सुमारे १.०४ किलो भरते. डिसेंबरमध्ये १० अंशांच्या पहाटे तेवढीच जागा व्यापणारी हवा १.१६ किलो भरते. फरक अकरा टक्क्यांचा. इंजिन प्रत्येक फेऱ्यात तेवढ्याच घनफळाची हवा ओढतं. त्याच्या सिलिंडरचं माप ऋतूप्रमाणे बदलत नाही. म्हणजे डिसेंबरमध्ये त्याच इंजिनात अकरा टक्के जास्त ऑक्सिजन जातो. जास्त ऑक्सिजनला जास्त पेट्रोल लागतं. ते द्यायचं काम कार्बोरेटरचं.

कार्बोरेटर हवा मोजतो, पण तोलत नाही. मधे निमुळत्या नळीतून हवा वेगाने जाते, वेग वाढला की तिथला दाब उतरतो, आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर ओढलं जातं. डॅनिएल बर्नुलीने १७३८ मध्ये मांडलेलं तत्त्व आणि त्यात बसवलेलं पितळेचं भोक, एवढीच ही सगळी करामत. आता हवा जड झाली की दाबातली ही घटही वाढते, त्यामुळे पेट्रोल थोडं जास्त ओढलं जातं. थोडंच. जेटमधून वाहणारं पेट्रोल दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. हवा अकरा टक्क्यांनी जड झाली, तर पेट्रोल आपोआप वाढतं ते साधारण साडेपाच टक्के. उरलेली साडेपाच टक्क्यांची तूट कार्बोरेटर भरून काढू शकत नाही.

हे वर्गमूळ लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण जेट बदलणारे दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण काहीच करत नाहीत, तर काही जण 'थंडी पडली' म्हणून एकदम चार आकडे मोठा जेट ठोकतात आणि मग गाडी धूर ओकते. नियम सोपा आहे: हवेच्या घनतेत जेवढे टक्के फरक पडला, त्याच्या निम्मे टक्के जेटमध्ये बदल करायचा. मे महिन्यात एक भाग पेट्रोलला साडेबारा भाग हवा, असं टू-स्ट्रोकला मानवणारं मिश्रण बसवलं असेल, तर काहीही हात न लावता डिसेंबरमध्ये ते एकास तेरा-सव्वातेरा होतं. पेट्रोल कमी पडलेल्या अशा मिश्रणाला गॅरेजवर लीन म्हणतात आणि जास्त झालेल्याला रिच. आपणही तेच म्हणू.

चार-स्ट्रोक गाडीत एवढ्याने फारसं बिघडत नाही. तिथे ऑइल खाली स्वतंत्र असतं आणि पिस्टनला दर दोन फेऱ्यांत एकदाच आग सोसावी लागते. टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला आग, आणि पिस्टनला थंडावा देणारं जे काही आहे त्यात आत येणाऱ्या पेट्रोलच्या फवाऱ्याचा वाटा मोठा. राजदूत, लुना, फवारणी पंप यांत तर ऑइलही पेट्रोलमध्ये मिसळूनच येतं. पेट्रोल कमी झालं की थंडावा कमी, वंगण कमी, आणि लीन मिश्रणाची आग जास्त कडक. तिन्ही संकटं एकाच भोकातून येतात. आरएक्स १०० मध्ये ऑइलची टाकी वेगळी आणि पंप वेगळा असल्याने तिला वंगणाची तूट तितकी भासत नाही. पहिली आणि तिसरी तक्रार मात्र तिलाही आहेच.

जाम होणं म्हणजे नेमकं काय, तेही आकड्यांत पाहण्यासारखं आहे. आरएक्स १०० चा बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि तो ज्यात सरकतो ती बाही बिडाची. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दोन्ही १०० अंशांनी तापले, तर पिस्टन सुमारे ०.१० मिलिमीटर फुगेल आणि बाही ०.०५५. म्हणजे मधली फट साडेचार शतांश मिलिमीटरने मिटेल. नव्या बोरात पिस्टनला ठेवलेली फटच मुळात साधारण चार शतांश मिलिमीटर असते. प्रत्यक्षात पिस्टन वरून निमुळता आणि किंचित लंबगोल घासलेला असतो, बाहीही बरोबरीने तापते, म्हणून रोजच्या चालण्यात निभावतं. पण बाहीपेक्षा पिस्टन अचानक जास्त तापला, तर त्याला जायला जागा उरत नाही. तो बाहीला चिकटतो, मागचं चाक अडकतं, आणि चालवणाऱ्याने तत्काळ क्लच दाबला नाही तर पुढची गोष्ट रस्ता सांगतो. जुने रेसर डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवत. ती ऐट नव्हती.

आता पाना हातात घेऊ. आरएक्स १०० च्या मिकुनी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल एका वाटेने येत नाही. रेस अगदी थोडी असताना पेट्रोल देतो तो पायलट जेट, ज्याला आपले मिस्त्री स्लो जेट म्हणतात. त्याच्या सोबतीला बाजूला एअर स्क्रू. रेस पाव ते पाऊण असताना सत्ता चालते ती स्लाइडला लटकलेल्या सुईची: सुई निमुळती असते, स्लाइड वर गेली की तिचा बारीक भाग भोकात येतो आणि पेट्रोलला वाट मोकळी होते. पाऊणच्या पुढे, मूठ पूर्ण पिळली की मग मेन जेट. म्हणजे गावातल्या गावात, बाजारातून बसस्टँडपर्यंत गाडी नेणाऱ्याला मेन जेटचा आकडा जवळजवळ कधीच लागत नाही. तरी सगळे बदलतात तो मेन जेटच! त्याचा आकडा सांगता येतो आणि सांगायला बरा वाटतो, एवढंच त्याचं कारण असावं.

ऋतू बदलला की सुरुवात करावी एअर स्क्रूपासून. इंजिन चांगलं गरम करून घ्यायचं. थंड इंजिनावर केलेलं ट्युनिंग फुकट जातं. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवायचा, जोर लावला तर त्याचं टोक आणि बसायची जागा दोन्ही बिघडतात. मग दीड फेरा बाहेर. तिथून पाव-पाव फेरा पुढेमागे करत इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखं कुठे फिरतं ते कानाने पकडायचं. एअर स्क्रू आत घेतला की हवा कमी, मिश्रण रिच. बाहेर सोडला की लीन. थंडीत तो थोडा आत जाईल. ज्या कार्बोरेटरला हा स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो, तिथे तो हवेऐवजी पेट्रोल सोडतो आणि सगळं उलटं होतं, म्हणून आधी तो कुठल्या बाजूला आहे ते बघावं. इंजिन खूश व्हायला स्क्रू एका फेऱ्याच्याही आत घ्यावा लागत असेल, तर स्लो जेट लहान पडतोय. अडीच फेऱ्यांच्या बाहेर जावं लागत असेल, तर तो मोठा आहे.

सुईला वरच्या टोकाशी खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढतं. हिवाळ्यात एक खाच खाली, उन्हाळ्यात एक खाच वर, हा आरएक्सवाल्यांसाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे. नवा पैसा लागत नाही. चेतकच्या जुन्या कार्बोरेटरमध्ये सुई नसतेच. तिथे मेन जेट, त्यावर पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी भोकांची नळी आणि सर्वांत वर हवेचा जेट असा एकावर एक बसवलेला खांब असतो, तोच बदलावा लागतो. म्हणून स्कूटरवाले या भानगडीत कधी पडले नाहीत. स्कूटरचं इंजिनही सवडीने पळणारं होतं.

मेन जेटवरच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा पेट्रोल किती वाहतं ते सांगतो, तर केहिनच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. साडेपाच टक्के पेट्रोल वाढवायचं, तर मिकुनीत १०० च्या जागी १०५ लागेल. केहिनमध्ये मात्र भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून १०० च्या जागी १०२ किंवा १०३ पुरतो. एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या जेटवर लावणं म्हणजे भावाचं माप बहिणीच्या ब्लाउजला देणं.

व्यासातला हा फरक किती? एक मिलिमीटरच्या भोकात फक्त ०.०२७ मिलिमीटरचा. माणसाचा केस याच्या दुपटी-तिपटीने जाड असतो. म्हणून जेटच्या भोकात तांब्याची तार किंवा सुई फिरवून 'थोडं मोठं करून देतो' म्हणणाऱ्या मिस्त्रीचा हात कितीही हलका असो, तो दोन ऋतू एका झटक्यात ओलांडतो. शिवाय भोकाच्या कडेला ओरखडा पडला की पेट्रोल सरळ वाहत नाही, मग आकडा काहीही असो. जेट साफ करायचा तो पेट्रोलने आणि हवेच्या दाबाने. तार त्यात घालूच नये. मूळ जेट मिळत नाही, हे कारण खरं आहे. बाजारात मिळणाऱ्या नकली जेटवरचा आकडा खरा असेलच असं नाही, हेही खरं. मग एकाच दुकानातून, एकाच बनावटीचे दोन-तीन आकडे एकदम घेऊन ठेवावेत. निदान त्यांचं एकमेकांशी नातं तरी खरं राहतं.

बरोबर जेट कुठला, हे शेवटी प्लग सांगतो. पद्धत जुनी आहे. गाडी गरम करून, मूठ पूर्ण पिळून इंजिनाला भार देत काही अंतर चालवायची आणि त्याच रेसवर एकदम किल्ली बंद करून क्लच दाबायचा. गाडी कडेला घेऊन प्लग काढायचा. चिनी मातीचा भाग काळा-ओला दिसला तर रिच, फिकट तपकिरी दिसला तर बरोबर, पांढरा-भुरकट दिसला तर लीन. पांढऱ्यावर चकाकणारे बारीक दाणे दिसले, तर पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून तिथे येऊन बसलंय. तेव्हा गाडी ढकलतच घरी न्यावी. घरापासून गॅरेजपर्यंत सावकाश चालवत नेलेल्या गाडीचा प्लग काढून निदान करणारे पुष्कळ भेटतात. तो प्लग फक्त स्लो जेटबद्दल बोलत असतो. आणि ही परीक्षा टॉप गिअरमध्ये, उसाच्या ट्रॉल्या चालू असलेल्या निलंगा रस्त्यावर घ्यायची काही गरज नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एखादा चढ पुरतो. इंजिनाला भार हवा असतो, वेग नव्हे.

कानही बरंच सांगतो. रिच गाडी भरल्या रेसवर अडखळते, एक सोडून एक फायरिंग होतंय असं ऐकू येतं, मागे धूर राहतो. लीन गाडीत मूठ सोडली तरी रेस लगेच खाली येत नाही, लोंबकळते. भार पडला की खडखड असा कोरडा आवाज येतो. आणि सुरुवातीला म्हटलं तसं, लीन गाडी हलकी, चपळ वाटते. थंडीच्या सकाळी 'आज गाडी भारी पळतेय' असं वाटलं, तर ते वाटणं अर्धं खरं असतं, कारण जड हवेने ताकद खरोखर वाढते. दुसरा अर्धा भाग संशयाचा.

आता फवारणी पंपाकडे. लातूर-नांदेडकडे खरिपात सोयाबीन, त्याच्यासोबत तूर, आणि रब्बीत हरभरा. सोयाबीनची फवारणी जुलै-ऑगस्टात, दमट आणि कोमट हवेत होते. तुरीवर शेंगअळी आणि हरभऱ्यावर घाटेअळी येते ती नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि फवारणी ऊन चढायच्या आत, सकाळी उरकायची असते. म्हणजे वर्षातल्या सर्वांत जड हवेत, भरल्या रेसवर, टाकीमागून टाकी. मोटरसायकल दिवसभरात भरल्या रेसवर किती मिनिटं असते? पंप मात्र सगळा वेळ तिथेच असतो. त्याला थंड करायला समोरून वारा नाही. त्याच्या पोटातला छोटा पंखा आणि माणसाची पाठ, एवढंच. तूर तर डोक्याइतकी वाढलेली, तिच्यात शिरल्यावर वारा असला तरी लागत नाही. हंगामाच्या सुरुवातीला दुकानदाराने सोयाबीनच्या दिवसांत बसवून दिलेलं कार्बोरेटर तुरीच्या दिवसांत लीन होतं, आणि पंपाचा पिस्टन दुसऱ्या हंगामात बदलावा लागला की दोष ऑइलवर जातो.

ऑगस्टचीही एक गंमत आहे. पावसाळ्यात हवा मे महिन्यापेक्षा पंधरा अंशांनी थंड असते, म्हणून ती बरीच जड असेल असं वाटतं. पण तिच्यात पाण्याची वाफ भरलेली असते आणि वाफ ऑक्सिजनची जागा खाते. २७ अंशांच्या दमट हवेत देवणीच्या दाबावर साधारण साडेतीन टक्के जागा वाफेचीच. हिशेब केला तर ऑगस्टमध्ये इंजिनाला मे महिन्याच्या दुपारपेक्षा फक्त तीनेक टक्के जास्त कोरडी हवा मिळते. म्हणजे जेटच्या दृष्टीने पावसाळा हा उन्हाळ्याचा शेजारी आहे आणि खरा बदल दिवाळीनंतर, हवा कोरडी आणि थंड झाली की होतो. जेट बदलायचा मुहूर्त तोच धरावा.

काही पंपांना फ्लोटची वाटी, स्लाइड आणि सुई असलेलं साधं कार्बोरेटर असतं. तिथे सुईची क्लिप एक खाच खाली घेणं हा दहा मिनिटांचा उद्योग आहे. गवत कापायच्या यंत्रांना बहुधा पडद्याचं कार्बोरेटर असतं आणि त्याला बाहेरून फिरवायचे दोन स्क्रू, एक कमी रेसचा, एक भरल्या रेसचा. भरल्या रेसचा स्क्रू बाहेर सोडला की पेट्रोल वाढतं. भार काढला की इंजिन किंचित अडखळावं आणि पात्यावर गवत आलं की स्वच्छ व्हावं, इथवर तो सोडायचा. भार नसतानाही जे इंजिन चिरकं, किंचाळल्यासारखं फिरतं, त्याचे दिवस भरलेत.

'जाम होऊ नये म्हणून ऑइल जास्त टाकतो' हा शेतकऱ्याचा शहाणपणा इथे उलटा पडतो. जेटच्या भोकातून जे वाहतं त्यात ऑइलही आलं. लिटरला २० मिलिलिटरऐवजी ४० टाकलं, तर त्याच भोकातून जाणारं पेट्रोल जवळजवळ दोन टक्क्यांनी घटतं. ऑइलने मिश्रण घट्ट होऊन वाहणं मंदावतं ते आणखी वेगळं. वंगण वाढलं, पण मिश्रण लीन झालं. यंत्राच्या डब्यावर लिहिलेलं प्रमाण तेवढंच टाकावं आणि काळजी वाटत असेल तर ती जेटवर खर्च करावी.

या सगळ्यावर अलीकडे एक नवी गोष्ट येऊन बसली आहे, आणि ती ऋतूपेक्षा मोठी आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं आणि आता पंपावर बहुधा तेच मिळतं. मराठवाड्यातल्या ऊसवाल्याला त्याचं अप्रूप असणं स्वाभाविक आहे. पण इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जळायला हवा कमी लागते: एक किलो पेट्रोलला सुमारे साडेचौदा किलो हवा, तर एक किलो इथेनॉलला नऊच. भोक तेच, हवा तीच, आणि आत जाणारं इंधन निराळं. परिणाम असा की शुद्ध पेट्रोलवर बेतलेलं कार्बोरेटर या पेट्रोलवर साधारण सात-आठ टक्के लीन चालतं. मे ते डिसेंबर या सगळ्या प्रवासात पडणारा फरक साडेपाच टक्क्यांचा होता, हे आठवा. दोन्ही एकत्र आले, तर जुन्या पेट्रोलवर, जुन्या मे महिन्यात साडेबाराला बसवलेलं मिश्रण इथेनॉलच्या डिसेंबरात चौदाच्या पुढे जातं. १९९० सालच्या आरएक्सला मूळ आकड्याचाच जेट हवा, असा हट्ट धरणाऱ्यांना मला एवढंच विचारावंसं वाटतं की मूळ पेट्रोल कुठे आहे.

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून ते आत जाताना जास्त थंडावा देतं, आणि त्याचा ऑक्टेन चांगला असल्याने खडखडही कमी होते. आकडा सुचवतो तितका पिस्टन तापत नाही. पण इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी पुरेसं झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि कार्बोरेटरला सर्वांत आधी तळाचंच मिळतं. सोयाबीनची फवारणी संपल्यावर पंप तसाच कोपऱ्यात ठेवला, तर तुरीच्या वेळी वाटीत उडून गेलेल्या पेट्रोलचा चिकट थर आणि स्लो जेटमध्ये पांढरट खर सापडते. मग जेट लहान वाटतो, पण तो लहान नसतो, बुजलेला असतो. काम संपलं की पेट्रोल काढून, वाटी कोरडी होईपर्यंत इंजिन चालवून ठेवणं हा त्यावरचा इलाज.

म्हणून आकड्यांना हात लावण्याआधी बाकीचं तपासून घ्यावं. काळ्या मातीची धूळ मळणीच्या दिवसांत एअर फिल्टरमध्ये गच्च बसते आणि गाडी रिच होते. तेव्हा लहान जेट लावला आणि मग कुणी फिल्टर धुतला, की गाडी लीन. क्रँकची सीलं कडक झाली असतील किंवा कार्बोरेटरच्या रबराला चीर असेल, तर आत शिरणारी चोरटी हवा कुठल्याच जेटच्या हिशेबात येत नाही. चालू इंजिनाच्या रबरावर थोडं ऑइल सोडून पाहावं. रेस बदलली तर चीर तिथेच आहे.

एक प्रश्न उरतो. डिसेंबरमध्ये पहाटे १० अंश आणि दुपारी २९. एकाच दिवसात हवेत सहा-सात टक्के फरक, म्हणजे जेटच्या भाषेत तीन टक्क्यांहून थोडा जास्त. मग जेट सकाळी एक, दुपारी एक असा लावायचा का? रेसवाले लावतात. कामाच्या यंत्राला ज्या सर्वांत थंड वेळी भरल्या रेसवर चालवणार, त्या वेळेचा जेट लावावा आणि दुपारी येणारा थोडा धूर, थोडा जास्त पेट्रोलचा खर्च पत्करावा. रिच चालल्याने प्लग काळा होतो आणि सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो. दोन्ही साफ करता येतात. लीन चालल्याने सिलिंडर नव्याने बोर करावा लागतो.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आल्यावर नव्या मोटरसायकलींमध्ये बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. तिथे हवेचं तापमान आणि दाब मोजणारे सेन्सर असतात, आणि वर मांडलेला सगळा हिशेब एक छोटी चिप दर फेऱ्याला करते. गॅरेजवरचा पोरगा आता जेटच्या डबीऐवजी स्कॅनर मागतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. फवारणी पंपाला मात्र सेन्सर लावणं परवडत नाही. त्याच्यासाठी देवणीत अजून पितळेचं भोकच आहे, आणि ते दिवाळीनंतर एकदा उघडून पाहायला लागतं.